नोकरी सोडून की नोकरी सांभाळून? फायनान्सच्या मास्टर्सचा हिशोब

चर्चगेटच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी एकाच इमारतीत दोन तऱ्हेचे विद्यार्थी दिसतात. दिवसा येतात ते एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी) किंवा एमएस्सी फायनान्सचे, दोन वर्षं पूर्णवेळ शिकणारे. संध्याकाळी ऑफिसची बॅग पाठीला लावून येतात ते तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाचे. फायनान्समध्ये त्या अभ्यासक्रमाचं नाव एमएफएम, म्हणजे मास्टर ऑफ फायनान्शियल मॅनेजमेंट. फळा तोच, बाकं तीच, भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढायचं सूत्रही तेच. तरी दोघांनी फी भरून घेतलेली वस्तू वेगळी असते.

पूर्णवेळवाला मुख्यतः दार विकत घेतो: समर इंटर्नशिप, कॅम्पस प्लेसमेंट, आणि नव्या लाइनीत अगदी खालच्या पायरीवरून शिरायची संधी. अर्धवेळवाल्याला विषय शिकायला मिळतो, पदवी मिळते आणि आपल्यासारखेच नोकरदार असलेले पन्नास-साठ वर्गमित्र मिळतात. दार मात्र त्याला स्वतःच्या नोकरीतूनच उघडावं लागतं, कारण बहुतेक संस्थांचा प्लेसमेंट सेल अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी काम करत नाही. म्हणून ‘दोन्हींत चांगलं कोणतं’ असं विचारून काही हाती लागत नाही. तुमचं अडलंय कुठे, शिरायला जागा नाही म्हणून की वर चढायला विषय कमी पडतोय म्हणून, ते आधी बघायचं.

आधी नावांचा गुंता

जाहिरातीत अर्धवेळ, एक्झिक्युटिव्ह, वीकेंड, ऑनलाइन हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. त्यांचा अर्थ एक नाही.

अर्धवेळ पदवी म्हणजे विद्यापीठाची नेहमीचीच पदवी, फक्त वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी आणि मुदत दोनऐवजी तीन वर्षं. प्रवेशाला पदवीनंतरचा कामाचा अनुभव लागतो. हजेरी असते, वर्गातली परीक्षा असते. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द मात्र कशालाही लावतात. त्यामागे विद्यापीठाची पदवी असू शकते, तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मान्यता असलेला पदविका अभ्यासक्रम असू शकतो, किंवा सहा महिन्यांचं नुसतं प्रमाणपत्रही असू शकतं. माहितीपत्रकात शेवटी हातात काय पडणार ते एका ओळीत लिहिलेलं नसेल तर तिथेच थांबून विचारायचं: पदवी, पदविका की प्रमाणपत्र, आणि ते देणार कोण?

पीजीडीएमचा, म्हणजे व्यवस्थापनातल्या पदव्युत्तर पदविकेचा, मुद्दा त्याच गावचा. स्वायत्त संस्थांचा पीजीडीएम चांगला असू शकतो, काही तर विद्यापीठाच्या एमबीएपेक्षा सरस आहेत. पण तो कागदोपत्री पदविका असतो. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर त्या पदविकेला भारतीय विद्यापीठ संघाची, म्हणजे एआययूची, एमबीएशी समकक्षता आहे का ते तपासायला हवं.

दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही तिसरीच गोष्ट. इग्नूचं फायनान्शियल मॅनेजमेंटमधलं एमबीए किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम या गटातले. यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये पत्रक काढून स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्यात. ‘मान्यताप्राप्त’ हा त्यातला कळीचा शब्द. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्था आणि अभ्यासक्रम दोन्हींची यादी सत्रागणिक असते. संस्थेला मान्यता आहे पण नेमक्या त्या अभ्यासक्रमाला नाही, असंही होतं. आणि कायद्याने समकक्ष असलेली पदवी मुलाखत घेणाऱ्याच्या मनातही समकक्ष असतेच असं नाही. बढतीसाठी ‘पदव्युत्तर’ ही चौकट भरायची असेल तर ऑनलाइन पुरतं. लाइन बदलायला सहसा पुरत नाही.

लाइन बदलायची की लाइनीतच वर जायचं?

समजा एक मुलगी मेकॅनिकल इंजिनियर आहे, तीन वर्षं चाकणच्या कारखान्यात काम करते आणि तिला इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या अभ्यासात, जायचंय. तिने अर्धवेळ मास्टर्स केलं तर तीन वर्षांनी तिच्याकडे फायनान्सची पदवी आणि सहा वर्षांचा कारखान्याचा अनुभव असेल. रिसर्च डेस्कला असा उमेदवार पेचात टाकतो. फ्रेशरच्या पगारावर तो परवडत नाही आणि अनुभवाच्या पगाराला साजेसा अनुभव त्याच्याकडे नसतो. या मुलीने पूर्णवेळ जावं. पहिल्या वर्षानंतरची दोन महिन्यांची इंटर्नशिप हीच तिच्यासाठी सगळ्या अभ्यासक्रमातली सर्वांत महाग वस्तू आहे, कारण ती बाजारात वेगळी मिळत नाही.

आता दुसरं उदाहरण. खराडीच्या किंवा गोरेगावच्या एखाद्या परदेशी बँकेच्या केंद्रात एक जण फंड अकाउंटिंग करतो. रोज म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, काढायची, कस्टोडियनच्या, म्हणजे फंडाचे शेअर-रोखे सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदींशी ताळा जुळवायचा. त्याला रिस्क किंवा परफॉर्मन्स ॲनालिटिक्सच्या टीममध्ये जायचंय. ती टीम त्याच इमारतीत, दोन मजले वर बसते आणि तिच्या जागा बाहेर जाहीर होण्याआधी आत जाहीर होतात. यालाच तिथे आयजेपी म्हणतात. या माणसाने नोकरी सोडून कॅम्पसला जाणं म्हणजे उघडं दार बंद करून खिडकीतून आत यायचा प्रयत्न. त्याला अर्धवेळ योग्य. दिवसा पाहिलेला बाँडचा व्यवहार संध्याकाळी वर्गात शिकायला मिळतो, तो डोक्यात बसतो, आणि दुसऱ्या वर्षातच तो आतल्या जागेसाठी अर्ज टाकू शकतो. पदवी पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही.

या दोघांच्या मधले बरेच असतात. सरकारी बँकेतल्या माणसाचा हेतू पगारवाढ एवढाच असेल तर मास्टर्सआधी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा द्याव्यात. त्या उत्तीर्ण झाल्या की वेतनवाढ ठरलेलीच आहे आणि खर्च मास्टर्सच्या तुलनेत किरकोळ. सीए झालेल्याला फायनान्सच्या सामान्य मास्टर्सची गरज क्वचितच असते. ज्याला गुंतवणूक विश्लेषणातच जायचंय त्याने सीएफए या आंतरराष्ट्रीय सनदेचा विचार करावा. तीन पातळ्या, प्रत्येकीला साधारण ३०० तासांचा अभ्यास, आणि सनद हाती पडायला किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव. हे सगळं नोकरी करताकरता होतं. पण सीएफए प्लेसमेंट देत नाही, हेही तितकंच खरं.

आठवड्याचे १६८ तास

अर्धवेळ म्हणजे निम्मं काम, असा समज या शब्दानेच करून दिलाय. आकडे मांडून बघू.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे वर्ग, अभ्यास, प्रकल्प सगळं धरून ३० तास, आणि एका वर्षाचे ४० श्रेयांक. म्हणजे दोन वर्षांच्या मास्टर्सचे ८०. महाराष्ट्रात नव्या धोरणानुसार एमकॉम, एमएस्सी वगैरेंना ते ८८ आहेत. आपण ८० धरू. एकूण काम २,४०० तास. पूर्णवेळात चार सत्रं, प्रत्येकी १५ आठवडे, म्हणजे ६० आठवडे. आठवड्याला ४० तास झाले, एका नोकरीएवढे. हेच सहा सत्रांत पसरलं तर ९० आठवडे, आठवड्याला सुमारे २७ तास. त्यांपैकी वर्गात बसायचे १३ ते १४.

आता नोकरदाराचा आठवडा. १६८ तासांतून झोपेचे ४९ काढा. ऑफिसचे जेवणाच्या सुट्टीसह ५०. येण्याजाण्याचे, मुंबई असो वा पुणे, १५. अंघोळ, जेवण, बाजारहाट, घरचं बघणं यांना रोज तीन तास, म्हणजे २१. उरले ३३. अभ्यासाचे २७ काढले की हातात आठवड्याचे सहा तास राहतात. लग्नकार्य, आजारपण, मित्र, मुलाची पालकसभा, सगळं त्या सहांत.

एखादा अर्धवेळ अभ्यासक्रम ‘फक्त शनिवारी चार तास’ म्हणत असेल तर त्यांनी काहीतरी कापलंय हे ओळखावं. एकूण श्रेयांक किती, वर्गाचे तास किती, हे विचारावं. सहसा कापला जातो तो प्रत्यक्ष काम करून शिकायचा भाग: एक्सेलवर मॉडेल बांधणं, कंपनीचे ताळेबंद घेऊन चिरफाड करणं. नंतर मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. अर्धवेळ मास्टर्स आणि सीएफए एकाच वर्षी करायचा बेत पुष्कळ जण आखतात, कारण विषय बरेच सारखे आहेत. ३०० तास सहा महिन्यांत बसवायचे तर आठवड्याला साडेअकरा-बारा तास लागतात. तुमच्याकडे आहेत सहा. विषय सारखे असले तरी वाचवून वाचवून थोडेच तास वाचतात. हा बेत साधारण तिसऱ्या महिन्यात मोडतो आणि परीक्षेची फी बुडते.

पैशांचा खरा हिशोब

पूर्णवेळाचा खर्च म्हणजे फी, असं धरणारे सर्वांत मोठा आकडाच विसरतात. तो आकडा म्हणजे दोन वर्षं न मिळालेला पगार.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तुमच्या जागी तुमचे घाला. हातात येणारा पगार महिना ४५,०००. दोन वर्षांचे १०.८ लाख गेले. फी ६ लाख, सगळी शैक्षणिक कर्जातून, दर १० टक्के. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख उचलले, दुसऱ्याच्या सुरुवातीला ३ लाख. परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तोवर व्याज थांबलेलं नसतं, सरळव्याजाने साठत असतं. पहिल्या ३ लाखांवर तीन वर्षांचे ९०,०००, दुसऱ्या ३ लाखांवर दोन वर्षांचे ६०,०००. म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत ६ लाखांचे साडेसात झाले. ते सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये आणि एकूण भरणा जवळजवळ साडेदहा लाख. पगार आणि भरणा मिळून सव्वाएकवीस लाखांच्या घरात.

अर्धवेळात फी समजा ३ लाख, पगारातून हप्त्याहप्त्याने दिली. प्रवास आणि बाहेरचं खाणं महिना २,००० प्रमाणे ३६ महिन्यांचे ७२,०००. एकूण पावणेचार लाखांच्या आत.

फरक साडेसतरा लाखांचा. तो सात वर्षांत भरून काढायचा तर पूर्णवेळवाल्याचा हातात येणारा पगार अर्धवेळवाल्यापेक्षा दर महिन्याला सुमारे २१,००० रुपयांनी जास्त हवा, पाच वर्षांत काढायचा तर २९,०००. महागाई, वाढता पगार, कर यांचा विचार यात नाही, हिशोब ओबडधोबडच आहे. तरी तो करून बघितला की काही गोष्टी उघड दिसतात. पगार २२,००० असेल तर पूर्णवेळ फारसं महाग पडत नाही. पगार ८०,००० असेल तर फार म्हणजे फारच महाग पडतं. म्हणून पूर्णवेळ जायचंच असेल तर लवकर, एक-दोन वर्षांच्या अनुभवावर जावं. सात वर्षांनी नोकरी सोडणारा बहुतेक वेळा त्याच पगारावर परत येतो, वर कर्ज घेऊन.

व्याज कमी करायचा सोपा उपाय म्हणजे शिकत असतानाच ते भरत राहणं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना २,५०० आणि दुसऱ्या वर्षापासून ५,००० भरले तर मूळ रक्कम ६ लाखांवरच राहते. घरच्यांना दोन वर्षांनी एकरकमी मदत करण्यापेक्षा हे झेपतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर, व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षं, करवजावट मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या करप्रणालीत गेलात तर ती विसरायची.

कर्ज मिळायच्या बाबतीतही दोन वाटा सारख्या नाहीत. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही आहे. हे सगळं पूर्णवेळ विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. अर्धवेळासाठी बँका पुष्कळदा वैयक्तिक कर्जाकडे बोट दाखवतात आणि त्याचा दर चढा असतो. त्यापेक्षा संस्थेकडे फीचे हप्ते मागावेत.

राज्याच्या फी सवलतींचंही तसंच. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून मिळणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, किंवा २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना मिळणारी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी, या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत. संस्था पातळीवर, व्यवस्थापन कोट्यातून किंवा संध्याकाळच्या तुकडीत प्रवेश घेतला तर त्या धरून चालू नका. ज्या मुलीला ही माफी लागू होते तिच्यासाठी वरचा सगळा हिशोब उलटतो. फी जवळपास सगळी जाते, कर्ज फक्त राहण्याखाण्याचं उरतं, आणि पूर्णवेळाचं पारडं जड होतं.

अर्धवेळ कुठे फसतं

पहिलं कारण शिफ्ट. पुण्याच्या आणि नवी मुंबईच्या कितीतरी वित्तीय केंद्रांचं काम लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतं. दुपारी दीड ते रात्री साडेदहा अशी पाळी असेल तर संध्याकाळी साडेसहाचा वर्ग कागदावरच राहतो. व्यवस्थापक ‘बघू, करू काहीतरी’ म्हणतो, पण त्याची बदली झाली की नवा व्यवस्थापक ते ऐकून घेत नाही. पाळीची सवलत ईमेलवर लेखी घ्यावी, नाहीतर थेट शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम शोधावा.

दुसरं, महिनाअखेर. अकाउंट्स, ऑडिट, ट्रेझरी यांत काम करणाऱ्याचे प्रत्येक महिन्याचे शेवटचे आणि पुढच्या महिन्याचे पहिले असे पाच-सहा दिवस हातचे जातात. मार्च-एप्रिल तर विचारूच नका. हजेरीची अट सहसा ७५ टक्क्यांची असते. एका विषयाचे सत्रात १५ वर्ग धरले तर तीनच बुडवता येतात, चौथ्याला हजेरी ७३ टक्क्यांवर येते. विषयाचा वार दर महिनाअखेरीला आला की संपलं. वेळापत्रक हातात आलं की पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर क्लोजिंगचे दिवस रंगवावेत आणि कोणता विषय धोक्यात आहे ते बघावं.

तिसरं, गणित. पहिलं सत्र अकाउंट्स, अर्थशास्त्र, व्यवस्थापनाची तत्त्वं यांवर निभावतं. मग डेरिव्हेटिव्हज, पोर्टफोलिओ, सांख्यिकी येतात. ऑप्शनची किंमत ठरवायची पद्धत रात्री साडेनऊला, बारा तास काम झाल्यावर, पहिल्यांदा ऐकून कळत नाही. एटीकेटी लागतात त्या इथे. लोक ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणतात, पुढच्या सत्राचे विषय त्यावरच उभे असतात, आणि तीन वर्षांची पाच होतात. प्रवेशाआधीच्या दोन-तीन महिन्यांत सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, चक्रवाढ आणि वर्तमान मूल्य एवढं एक्सेलवर हाताने करून ठेवलं तर हा घाट निम्मा सोपा होतो.

चौथं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण म्हणजे अंतर. मुंबईत संध्याकाळी चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणं सोसवतं, गर्दी उलट्या दिशेला असते. अंधेरीहून चर्चगेट गाठणं त्रासाचं नाही. पण साडेनऊला वर्ग सुटून डोंबिवली किंवा विरारला घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि सकाळची लोकल कुणासाठी थांबत नाही. पुण्यात हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघून शहरात साडेसहाच्या वर्गाला पोचणं जवळपास अशक्य. संस्था निवडताना नाव, फी यांच्याआधी एका कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिथवर आणि तिथून घरी जाऊन बघावं. एकदा नाही, पावसाळ्यात एकदा आणि एरवी एकदा.

कंपनीने फी भरली तर आनंदच, पण करारात दोन-तीन वर्षं न सोडण्याची अट असते आणि सोडलं तर पैसे परत मागतात. ती मुदत फी भरल्याच्या तारखेपासून मोजतात की पदवी मिळाल्यापासून, ते वाचून सही करावी. दोन्हींत पूर्ण तीन वर्षांचा फरक पडू शकतो.

पूर्णवेळ कुठे फसतं

इथे फसणं उशिरा कळतं, म्हणून जास्त महाग.

मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसमध्ये पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखे विषय असतात: मार्केटिंग, मनुष्यबळ, ऑपरेशन्स, थोडं फायनान्स. स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षी. पण इंटर्नशिपच्या मुलाखती होतात पहिल्याच वर्षात, म्हणजे मुलाखतीत विचारायचं फायनान्स वर्गात शिकवून झालेलं नसतं. ज्यांचं बीकॉम, बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सचं बीकॉम) किंवा सीए इंटर झालेलं असतं त्यांना उत्तरं येतात, बाकीचे मार्केटिंगच्या किंवा विक्रीच्या इंटर्नशिपवर जातात आणि दुसऱ्या वर्षी ‘फायनान्स’वाले म्हणवून विमा विकायला लागतात. लाइन बदलायला आलेल्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तिन्ही पत्रकं एकमेकांत कशी गुंततात ते दोन-तीन खऱ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवरून शिकून घ्यावं. एमएस्सी फायनान्स, गोखले इन्स्टिट्यूटचं फायनान्शियल इकॉनॉमिक्समधलं एमएस्सी, पाताळगंगेच्या एनआयएसएम या सेबीच्या संस्थेचा सिक्युरिटीज मार्केट्सचा पीजीडीएम, गोवा विद्यापीठाचं फायनान्शियल सर्व्हिसेसमधलं एमबीए, यांत विषय सुरुवातीपासूनच वित्ताचा असतो. फायनान्सच करायचं नक्की असेल तर हे अभ्यासक्रमही यादीत हवेत.

दुसरी फसगत आकड्यांची. फलकावर लिहितात तो सर्वाधिक पगार एकाचा असतो. सरासरीही तो एक जण वर खेचतो. मध्यक विचारावा, म्हणजे रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्याचा पगार. केंद्राच्या एनआयआरएफ या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे भरावं लागतं आणि ते कागद संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. फक्त तो आकडा साऱ्या स्पेशलायझेशनचा मिळून असतो. म्हणून फायनान्सच्या तुकडीतल्या किती जणांना फायनान्सचंच काम मिळालं, हे मागच्या वर्षीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर गाठून विचारावं. सांगतात. आणि सीटीसीतून, म्हणजे कंपनी सांगते त्या वार्षिक पॅकेजमधून, बोनस, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा वजा केल्याशिवाय वरच्या हिशोबात तो आकडा घालू नये.

एमबीए-एमएमएसची राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, मात्र उगाच डोंगराएवढी मानली जाते. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वेगाची परीक्षा आहे, तीन-चार महिन्यांचा नियमित सराव तिला पुरतो. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, एवढंच.

परदेशात असाल तर निर्णय व्हिसा घेतो

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अर्धवेळ शिकता येत नाही, पूर्ण भार घ्यावाच लागतो. पदवीनंतर १२ महिने ओपीटी या परवानगीवर काम करता येतं आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. नुसत्या ‘फायनान्स’ला ती जास्तीची मुदत मिळेलच असं नाही, फायनान्शियल मॅथेमॅटिक्स मात्र यादीत आहे. म्हणून फी भरण्याआधी विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, विचारावा. तिथेच एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ शिकता येतं, आणि एच-४ व्हिसावर असलेल्या त्याच्या जोडीदाराला तर अर्धवेळ, पूर्णवेळ दोन्ही. घरी बसून राहिलेल्या कितीतरी मराठी मुलींना हे उशिरा कळतं.

इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर अर्धवेळ मास्टर्स करता येतं, पण मग कामाची अजिबात परवानगी नसते. नोकरी सांभाळून शिकू, हा बेत तिथे त्या व्हिसावर बसतच नाही.

राजीनामा कधी द्यायचा

पूर्णवेळाचं ठरलं की सर्वांत अवघड गणित तारखांचं. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात आणि शेवटच्या फेरीनंतर थोड्याच दिवसांत वर्ग सुरू होतात. नोकरीतला नोटीस पिरियड मात्र ६० किंवा ९० दिवसांचा. प्रवेश नक्की झाल्यावर राजीनामा दिला तर पहिलं सत्र निम्मं जातं, आधी दिला आणि हवी ती संस्था मिळाली नाही तर दोन्ही गेलं. मधली वाट अशी: नियुक्तीपत्रात पगार भरून नोटीस कमी करायची सोय आहे का ते सीईटीच्या आधीच वाचून ठेवावं, आणि तेवढे पैसे, समजा दोन महिन्यांचा पगार, बाजूला काढावेत. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळत्या होतात का हेही विचारावं.

पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीचं गणित करून बघावं. मूळ पगार २०,००० असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ५७,७०० रुपये होते. कायम नोकरी चार वर्षं तीन महिन्यांवर सोडली तर ती हातात येत नाही. एवढ्यासाठी एक वर्ष थांबायचं कारण नाही, पण दोनच महिने राहिले असतील तर कंपनीशी शेवटच्या दिवसाची तारीख ठरवताना ते ध्यानात असावं.

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात घेतल्याशिवाय मात्र बाहेर पडू नये. दोन वर्षांनी कॅम्पसवर आलेली कंपनी जुन्या नोकरीची पडताळणी करते, आणि तोवर जुन्या ऑफिसातला एचआर बदललेला असतो.